सुपडूच्या वाट्याचं पाणी

धानोऱ्याच्या भटू पाटलाने चाळीस वर्षं दुनियेची पत्रं वाटली, पण त्याच्या स्वतःच्या घराला जे पत्र यायला हवं होतं ते काही आलं नाही. पोस्टातून निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. गावात अजूनही त्याला पोस्टमनच म्हणत, आणि कोणी अनोळखी माणूस पत्ता विचारत आला की लोक त्याला थेट भटूच्या ओट्यावर आणून सोडत. असा सगळ्यांचे पत्ते ठाऊक असलेला हा माणूस आपल्याच पणजोबाचा पत्ता शोधायला निघाला, तेव्हा बायको निर्मलाबाई त्याला म्हणाली होती की जिवंतांची पत्रं संपली, आता मेलेल्यांची वाटा.

ह्या शोधाला कारण आखाजी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितर घरी येतात. सकाळी घरातला कर्ता पुरुष उंबरठा धुऊन घेतो, ओल्या कुंकवात बोट बुडवतो आणि एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेत उंबरठ्यावर एकेक बोट उमटवतो. आत लाल घागर भरलेली असते, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं असतं. ज्याचं नाव घेतलं तो आत येतो, पाणी पितो, पुरणपोळी-आमरसाचा घास खातो आणि वर्षभरासाठी निघून जातो. ज्याचं नाव घेतलं नाही तो बाहेर उन्हात उभा राहतो. ह्यात कोणी शंका काढत नाही. वैशाखातल्या तापीकाठच्या उन्हात तहानेबद्दल शंका काढायची कोणाची छाती आहे?

भटूच्या उंबरठ्यावर सात बोटं उमटत. आठवं सुपडूचं असायला हवं होतं, ते कधीच उमटलं नाही.

सुपडू भटूचा पणजोबा. पणजोबा म्हणायचं ते नात्याने, कारण घरातून गेला तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. १८८९ साली शेताच्या बांधावरून चुलतभावाशी वाद झाला, वादात कुदळ उचलली गेली आणि चुलतभाऊ जागीच गेला. धुळ्याच्या कोर्टाने सुपडूला जन्मभराचं काळं पाणी दिलं. त्याची बायको जमना दोन वर्षांच्या दगडूला कडेवर घेऊन धुळ्यापर्यंत पायी गेली होती. बेड्या घातलेल्या नवऱ्याला गाडीत चढवताना तिने पाहिलं, आणि परत आली ती एक गोष्ट ठरवूनच: मेल्याची खबर येईपर्यंत हा माणूस जिवंत आहे.

तिने कुंकू पुसलं नाही. गावातल्या बायका तिला ‘काळ्या पाण्याची सवाष्ण’ म्हणून हिणवत आणि हळदीकुंकवाला बोलावताना तिचंच घर नेमकं विसरत. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत ती गेली तेव्हा तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मरताना तिने दगडूकडून वचन घेतलं की खबर आल्याशिवाय बापाच्या नावाचं बोट उमटवायचं नाही. दगडूने ते वचन जन्मभर पाळलं. त्याच्या मुलांनीही पाळलं, आणि पुढे तो घराचा रिवाजच होऊन बसला.

दगडूला मात्र एक गोष्ट कुरतडत राहिली. तळोद्याकडचा एक माणूस वीस-बावीस वर्षं काळं पाणी भोगून सुटून आला होता. दगडू मुद्दाम त्याला भेटायला गेला. त्या माणसाने सांगितलं की सरकार सोडतं, पण पुष्कळ जण तिथेच जमीन घेऊन, दुसरी बायको करून राहतात. दगडू ते ऐकून घरी आला. त्याचा बाप येऊ शकत होता आणि आला नव्हता, ही गोष्ट त्याच्या उरात जी बसली ती सत्तरीला टेकेपर्यंत, अगदी सरणावर जाईपर्यंत तिथून हलली नाही.

दगडूची शेंडेफळ लेक म्हणजे कमलबाई. भटूच्या बापाची बहीण, म्हणजे भटूची फुई. वय अठ्ठ्याऐंशी. शहाद्याकडे तापीकाठच्या गावात दिलेली. चारही भाऊ गेले, तरी दर आखाजीला ती माहेरी येणारच, कारण आखाजी हा आमच्याकडे लेकीबाळींचा सण. बाप गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि त्याच्या उशाशी बसलेली होती. इस्टेट मुलांना गेली आणि तो प्रश्न तेवढा हिच्या वाट्याला आला.

तीन वर्षांपूर्वी, भटू निवृत्त झाला त्याच उन्हाळ्यात, तो तिला आणायला गेला होता. वाटेत रिक्षात ती एकाएकी म्हणाली, “भटू, तू सारी दुनियाना पत्र वाटात. मन्हा आजानी खबर तेवढी काढ. तो काब्र उना नई, एवढंच माले समजू दे. मंग मी मोकयी.”

आजा का आला नाही, एवढं शोधायला भटूने हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला हो म्हणायला काय लागतं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

धुळ्याच्या जुन्या दप्तरखान्यात त्याने सात खेपा घातल्या. सातव्या खेपेला वाळवीने कडा खाल्लेला निकालाचा कागद मिळाला आणि त्यावर सुपडूचं नाव मिळालं. गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. अंदमान म्हटल्यावर लोकांना एकच गोष्ट ठाऊक. पारावर ठरलं की सुपडू पाटील स्वातंत्र्यासाठी गेला होता, त्याच्या नावाची कमान वेशीवर उभारायची आणि पंधरा ऑगस्टला भटूचा सत्कार करायचा. भटूला पारावर जाऊन सांगावं लागलं की बाबांनो, तो देशासाठी गेला नाही, दीड हात बांधासाठी गेला. लोक हिरमुसले. हाती आलेला हुतात्मा असा निसटून जावा, हे कोणालाच रुचलं नाही.

मग त्याने पोर्ट ब्लेअरला अर्ज केला. सात महिन्यांनी जुन्या नोंदवहीतला उतारा आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात पाकिटं देणाऱ्या भटूने स्वतःचं पाकीट ओट्यावर बसूनच फोडलं. सुपडू वल्द उखा, मौजे धानोरा, जिल्हा खानदेश. दहा वर्षांनी चांगल्या वर्तणुकीबद्दल स्वतःची शेती करायची परवानगी आणि तीन एकर जमीन. १९०२ साली तिथल्याच एका कैदी बाईशी लग्न. १९११ साली सुटकेचा हुकूम, आणि त्यापुढे शेरा: ‘स्वदेशी जाण्यास इच्छुक नाही.’ १९३१ साली मृत्यू.

भटू त्या एका शेऱ्याकडे बघत बसला. जमना गेली तेव्हा सुपडू जिवंत होता, म्हणजे तिचं कुंकू खरं होतं, ह्याचा आनंद त्याला घडीभर झाला. पण ‘इच्छुक नाही’ हे दोन शब्दांचं उत्तर घेऊन फुईपुढे कसं जायचं? तिचा बाप ज्या शंकेने झुरून मेला ती खरी निघाली, एवढंच सांगायचं का? कितीतरी वाईट बातम्या त्याने आजवर लोकांच्या हातात ठेवल्या होत्या. ही मात्र त्याने देव्हाऱ्याच्या फळीमागे ठेवून दिली, आणि त्या वर्षीच्या आखाजीला फुईने विचारलं तेव्हा अजून काही कळलं नाही असं चक्क खोटं सांगितलं.

खोटं त्याला पचलं नाही. नोंदवहीत एक असतं आणि पोस्टमनला ठाऊक असतं ते वेगळंच असतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? सुपडूला जमीन मिळाली त्या गावाचं नाव उताऱ्यात होतं. भटूने त्या गावच्या पोस्टमास्तरला, नाव ठाऊक नसताना, मोडक्यातोडक्या हिंदीत पत्र लिहिलं: आपण एकाच खात्याची माणसं, तुमच्या बीटमध्ये सुपडू पाटील नावाच्या जुन्या कैद्याचा वंश असेल तर माझा नंबर त्यांना द्यावा. बाविसाव्या दिवशी फोन वाजला.

पलीकडे रंजिता नावाची बाई होती. तिथल्या शाळेत शिकवणारी, सुपडूची पणती. तिचे वडील लखन हे सुपडूच्या तिथल्या मुलाचा मुलगा. बोलली हिंदीत. पहिलंच तिने विचारलं, “सच में वहाँ कोई है? हमें तो यही बताया गया कि वहाँ कोई बचा ही नहीं.”

मग तिने आपल्या वडिलांकडून ऐकलेली हकीकत सांगितली. सुपडू अकरा वर्षं घरची आस धरून होता. जमीन मिळाली तेव्हा बायको-मुलाला बोलावून घ्यायचं त्याच्या मनात होतं, साहेबाला तसा अर्जही त्याने कोणाकडून तरी लिहवून घेतला होता. तेवढ्यात खानदेशातून एक नवा कैदी आला. मोठ्या दुष्काळातून, छपन्न्यातून आलेला. तो धानोऱ्यावरून गेला होता. त्याने सांगितलं की गाव ओस पडलंय, आणि तुझ्या घराच्या दाराला बोरीची काटी लागलीय. त्या काळी घरातलं शेवटचं माणूस गेलं की शेजारीपाजारी दारात बोरीची फांदी आडवी खुपसून देत, कुत्री-शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. ह्याचा अर्थ सुपडूला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन दिवस तो जेवला नाही. अर्ज फाडला. पुढच्या आखातीजेला, म्हणजे आपल्या आखाजीला, त्याने आपल्या झोपडीच्या दाराशी दोन बोटं उमटवली, एक जमनाचं, एक दगडूचं. १९११ साली साहेबाने विचारलं की घरी जातोस का, तेव्हा तो म्हणाला होता की घर कुठे आहे?

रंजिता म्हणाली की ही दोन नावं कोणाची, हे त्यांच्यातल्या नव्या मुलांना धड माहीतही नाही, पण बाबूजी अजून दर आखातीजेला ती घेतात.

भटूने फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसला. डोळ्यांना धार लागली होती, ती त्याने पुसलीही नाही. इकडे ज्याला मेलेला मानायला कोणी तयार नव्हतं, त्याने तिकडे सगळ्यांना मेलेलं धरलं होतं. दोघांमध्ये एक पत्र गेलं असतं तर? चार ओळींचं, साधं. पण लिहिता कोणाला येत होतं, आणि त्या वेळी धानोऱ्यात पोस्ट तरी कुठे होतं?

आखाजीच्या आदल्या दिवशी त्याने फुईला आणलं. तिने हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग भटूने तिच्यासमोर बसून काहीही न लपवता सगळं सांगितलं. नोंदवहीतला शेराही सांगितला, आणि आपण वर्षभर तो दडवून ठेवला हेही.

बोरीच्या काटीपर्यंत तिने ऐकून घेतलं. तिथे तिने हात वर करून त्याला थांबवलं.

“ती काटी मन्हा बापनी तोडी व्हती,” ती म्हणाली.

तिला ती गोष्ट बापाच्या तोंडून पाठ होती. छपन्न्यात खायला काही उरलं नाही तेव्हा जमना दगडूला घेऊन तापीपल्याड माहेरी निघाली. दाराला कुलूप नव्हतं. तेरा वर्षांच्या दगडूने बांधावरची बोर तोडली, हाताला ओरखडे काढून घेतले, आणि दोघांनी मिळून ती फांदी दारात घातली. दीड वर्षाने परत आले, फांदी काढली आणि पुन्हा चूल पेटवली. त्या मधल्या काळात कोण कैदी, कुठल्या शिपायाबरोबर वेशीवरून गेला असेल, हे त्यांना कसं कळावं?

फुई पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. भटूला वाटलं की आता ती रडेल आणि मोकळी होईल. पण तिचा चेहरा कठीण होत गेला. जिवंत माणसाचं नाव आखाजीच्या बोटावर घेणं ह्यापरतं अशुभ आमच्याकडे दुसरं नाही. दुष्मनाचंही कोणी घेत नाही.

“मन्हा बाप जित्ता व्हता,” ती म्हणाली. “आठे बैलं हाकी ऱ्हायना व्हता, अन् तठे ह्या मानूस त्याले पितरस्मा बसाडी ऱ्हायना व्हता. एक मानूसना सांगावर. मन्ही आजीनी वाट देखी, मन्हा बापनी मरालगून देखी. त्याले काय व्हयनं व्हतं वाट देखाले?”

ती पुढे म्हणाली की उद्या त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याला पाणी पाजणारे तिकडे आहेत. निर्मलाबाईने ताट वाढून आणलं ते तिने बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भटू कर्ता होता, त्याला तिची परवानगी लागत नव्हती. पण हा शोध तिचा होता, आणि तिच्या मनाविरुद्ध उमटवलेल्या बोटाने सुपडू आत कसा येणार? त्या अंगाने विचार करून करून भटूचं डोकं शिणलं. फुईचं वय बघता पुढच्या आखाजीचा भरवसा नव्हता.

सकाळी त्याने उंबरठा धुतला. घागर भरली. कुंकू कालवून सात नावं घेतली आणि सात बोटं उमटवली. जमनाचं झालं, दगडूचं झालं. मग तो बोट कुंकवात बुडवून तसाच बसून राहिला. फुई आतल्या खाटेवर पाठ फिरवून बसली होती. निर्मलाबाई चुलीवरचं पुरण सोडून दोनदा दारात येऊन बघून गेली.

तेवढ्यात रंजिताचा व्हिडिओ कॉल आला. आज दोन्हीकडे सण एकच, म्हणून तिने तो लावला होता. भटूचा हात कुंकवाचा, म्हणून निर्मलाबाईने फोन घेतला. इकडे ऊन नुकतं ओट्यावर येत होतं, तिकडे ते चांगलं वर आलं होतं. निळ्या रंगाचं दार दिसलं, दाराशी गंजीफ्रॉक घातलेला एक म्हातारा बसलेला. लखन. दगडूच्या सावत्र भावाचा मुलगा, म्हणजे फुईचा चुलतभाऊ. त्याच्यापुढे पाण्याने भरलेला घडा होता, आणि घड्याला टेकून मुठीएवढी एक मातीची लोटी ठेवलेली होती.

निर्मलाबाईने विचारलं की ती लहान लोटी कशाला.

रंजिता म्हणाली की ती दगडूची. त्याला घडा उचलत नाही, आणि घड्याच्या तोंडाशी त्याचे ओठ पोचत नाहीत, म्हणून पणजोबा वेगळी लोटी भरायचे. जमनाचं नाव ते मोठ्याने घेत, दगडूचं घेताना मात्र त्यांचा आवाज निघत नसे, नुसते ओठ हलत. आम्हाला वाटायचं की रीतच तशी आहे. बाबूजीसुद्धा ते नाव तसंच, आवाज न करता घेतात.

पडद्यावरचा म्हातारा कॅमेऱ्याकडे बघून थोडा ओशाळून हसला आणि लोटीत काहीतरी चुरून टाकत म्हणाला, “गुड़ डालना पड़ता है. बच्चा है, सादा पानी नहीं पीता.”

खाट करकरली. फुई उठली होती. भिंतीला धरत धरत ती आली आणि तिने निर्मलाबाईच्या हातातून फोन घेतला. अगदी डोळ्यांजवळ नेला. तिचा बाप अडुसष्ट वर्षांचा होऊन गेला होता. पांढऱ्या मिशा, वाकलेली पाठ, तंबाखूने काळे पडलेले दात, सगळं तिने पाहिलेलं होतं. त्याचे शेवटचे कपडे तिच्याच हाताने धुतले होते. आणि तिकडे समुद्रापलीकडे तो सव्वाशे वर्षं दोनच वर्षांचा राहिला होता. कोणीतरी रोज त्याची उंची आठवत राहिलं असल्याशिवाय एवढीशी लोटी कशी घडणार?

ती इतका वेळ बघत राहिली की तिकडे लखनला वाटलं फोन अडकला, आणि तो हात हलवून बघू लागला.

“गूय कितला टाकस रे भाऊ?” फुईने विचारलं.

भटूने ते हिंदीत सांगितलं. लखनने अंगठा आणि बोट जुळवून चिमूटभर दाखवलं.

“आजून टाक,” ती म्हणाली. “मन्हा बापले गोड लागे.”

लखनने पुन्हा गूळ चुरला. ती ते बघत होती आणि तिचे गाल ओले झाले होते. मग तिने फोन निर्मलाबाईकडे दिला आणि भटूकडे वळली.

“बशी काय ऱ्हायना? कुंकू सुकी जाई. लाव बोट.”

बोटावरचं कुंकू खरंच वाळलं होतं. भटूने ते पुन्हा बुडवलं, दगडूच्या बोटाशेजारी टेकवलं आणि त्या घरात कधीच न घेतलेलं नाव घेतलं. सुपडू. फुई दारातच उभी होती. तिने लुगडं आवरून धरलं आणि एका बाजूला सरकून उभी राहिली, त्याला आत यायला वाट मोकळी हवी म्हणून.